कॅमेऱ्यातले एल-एम-एस आणि फाइन-नॉर्मल-बेसिक: फोटोचा आकार आणि दर्जा कसा निवडायचा?

घरातली आजी जाते. दहाव्याच्या आत तिचा एक चांगला फोटो फ्रेम करून आणायचा असतो. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये शोधाशोध होते आणि कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो सापडतो. आजी त्यात छान हसलेली असते. फोटो स्टुडिओत जातो आणि स्टुडिओवाला विचारतो, "ओरिजिनल आहे का? हा मोठा केला तर फाटेल."

मग त्या लग्नात ज्याच्या गळ्यात कॅमेरा होता त्या चुलतभावाला फोन जातो. त्याच्याकडे ओरिजिनल असतोही. पण कार्ड लवकर भरू नये म्हणून त्याने त्या दिवशी कॅमेरा 'एस' आणि 'बेसिक'वर ठेवलेला असतो. सात-आठ जणांच्या त्या फोटोत आजीच्या वाट्याला रुंदीचे जेमतेम चारशे पिक्सेल आलेले असतात. 'एल'वर काढला असता तर आठशे आले असते. आठ इंच रुंदीच्या फ्रेमसाठी आठशेवर कसंबसं निभावतं, चारशेवर नाही.

कॅमेऱ्याच्या मेनूतल्या ज्या दोन ओळींमुळे हे घडतं, त्या बहुतेक लोक कॅमेरा घेतल्यावर एकदा बघतात आणि विसरतात. काही जण तर कधीच बघत नाहीत. या दोन ओळी काय करतात आणि तिथे काय निवडायचं, ते समजून घेऊ.

आकार वेगळा, दर्जा वेगळा

पहिली ओळ असते इमेज साइजची, म्हणजे फोटोच्या आकाराची. तिथे एल, एम, एस असे पर्याय असतात: लार्ज, मीडियम, स्मॉल. दुसरी असते इमेज क्वालिटीची, म्हणजे दर्जाची. तिथे कंपनीनुसार नावं बदलतात. निकॉनमध्ये फाइन, नॉर्मल आणि बेसिक. सोनीमध्ये एक्स्ट्रा फाइन, फाइन आणि स्टँडर्ड. कॅननने दोन्ही गोष्टी एकाच मेनूत बसवल्या आहेत. तिथे एल, एम, एस या अक्षरांशेजारी एक छोटं चिन्ह दिसतं. चिन्हाची कड गुळगुळीत गोल असेल तर दर्जा वरचा, पायऱ्या-पायऱ्यांची असेल तर खालचा. हे चिन्ह इतकं बारीक आहे की अनेकांना त्याचा अर्थ कॅमेरा विकून टाकेपर्यंत कळत नाही.

दोन्हींतला फरक रांगोळीवरून पटकन समजतो. ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी किती ठिपके मांडायचे ते ठरतं. १५ बाय १५ की ३० बाय ३०? हा झाला आकार. ठिपके जितके जास्त, तितकी बारीक नक्षी काढता येते. फोटोतल्या ठिपक्यांना आपण पिक्सेल म्हणतो.

आता हीच रांगोळी फोनवर बहिणीला सांगायची आहे असं समजा. एकेका ठिपक्याचा रंग सांगत बसलात तर तासभर जाईल. म्हणून तुम्ही म्हणाल, "वरचा सगळा कोपरा निळा, मधलं फूल लाल, कडेला पिवळं." वेळ वाचला. पण निळ्यात जी एक फिकट छटा होती, ती बहिणीपर्यंत पोहोचलीच नाही. हे झालं कॉम्प्रेशन, आणि ते किती कडक करायचं हे ठरवतं क्वालिटीचं सेटिंग. ठिपके तेवढेच राहतात, त्यांचं वर्णन कमी-जास्त अचूक होतं.

म्हणून 'एल बेसिक' आणि 'एस फाइन' या दोन वेगळ्या तडजोडी आहेत. फाइल दोन्हींची लहानच होते, पण पहिलीत वर्णन ढोबळ होतं आणि दुसरीत ठिपकेच कमी होतात.

एल, एम, एस: आकड्यांत किती फरक?

भारतात हौशी लोकांकडे दिसणारे बरेच डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे असतात. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल. अशा कॅमेऱ्यात 'एल' निवडलं की फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा मिळतो. गुणाकार केला की बरोबर २ कोटी ४० लाख.

निकॉनच्या डी५६०० सारख्या मॉडेलमध्ये 'एम' म्हणजे ४४९६ बाय ३००० आणि 'एस' म्हणजे २९९२ बाय २०००. कॅननच्या २४ मेगापिक्सेलच्या मॉडेलांत 'एम' साधारण साडेदहा मेगापिक्सेलचा असतो आणि त्याखाली एस१, एस२ असे आणखी लहान पर्याय असतात. नावं सारखी असली तरी एका कंपनीचा 'एम' दुसऱ्या कंपनीच्या 'एम'एवढा नसतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

इथे एक गंमत फसवते. 'एस' हा 'एल'च्या निम्मा आहे असं वाटतं, कारण रुंदी निम्मी दिसते. पण उंचीही निम्मी झालेली असते. म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांशच उरतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा विकत घेऊन 'एस'वर ठेवणं म्हणजे ६ मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरणं.

मग एवढे पिक्सेल लागतात कुठे?

खरं सांगायचं तर सोशल मीडियावर लागत नाहीत. इन्स्टाग्राम फीडमधला फोटो १०८० पिक्सेल रुंदीचा करून ठेवतं. १०८० बाय १३५० ची उभी पोस्ट धरली तर जेमतेम दीड मेगापिक्सेल होतात. फेसबुकवर २०४८ पिक्सेल रुंदीपर्यंतचा फोटो पुरतो. फुल एचडी प्लस मोबाइलची पूर्ण स्क्रीन अडीच मेगापिक्सेलच्या आसपास असते. घरातला फोर-के टीव्हीसुद्धा ३८४० बाय २१६०, म्हणजे ८.३ मेगापिक्सेलचाच. रोजच्या बघण्यात 'एस'चा फोटो आणि 'एल'चा फोटो शेजारी ठेवले तर भलेभले ओळखू शकणार नाहीत. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर तर फरक दिसणं जवळपास अशक्यच. म्हणूनच चुकीचं सेटिंग वर्षानुवर्षं तसंच राहतं.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. छापताना आणि कापताना.

छापण्याचा ठोकताळा सोपा आहे. फोटो हातात धरून बघायचा असेल तर एका इंचात ३०० पिक्सेल असावेत. ४ बाय ६ इंचाच्या नेहमीच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या थोडं वर. इथे 'एस' मजेत चालतो. ८ बाय १२ इंचाला २४०० बाय ३६०० लागतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेल. इथे 'एस' कमी पडायला लागतो. १२ बाय १८ इंचाला ३६०० बाय ५४०० म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या पुढे जावं लागतं, आणि तिथे 'एम'सुद्धा अपुरा पडतो. भिंतीवरची मोठी फ्रेम लांबून बघितली जाते, त्यामुळे इंचाला २०० किंवा दीडशे पिक्सेलवरही काम भागतं. पण लग्नाचा अल्बम मांडीवर घेऊन बघतात. १२ बाय ३६ इंचाच्या अल्बमच्या दोन पानांवर एकच फोटो पसरवायचा म्हटलं तर ६००० पिक्सेलचा फोटोही इंचाला १६६ पिक्सेलच देतो. तिथे 'एस' लावायचा म्हणजे इंचाला ८३.

छापून घेणाऱ्यांचा एक नेहमीचा घोळ इथेच सोडवू. डिझायनर म्हणतो, "३०० डीपीआयचा फोटो पाठवा." लोक फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बघतात, तिथे ७२ लिहिलेलं असतं, आणि घाबरतात. फाइलमध्ये लिहिलेला तो आकडा फक्त एक चिठ्ठी असते. तो बदलून ३०० केला तरी फोटोत एकही पिक्सेल वाढत नाही. बघायचे ते एकूण पिक्सेल किती आणि छापायचे किती इंच. भागाकार करायचा, उत्तर मिळतं.

फ्लेक्सचा हिशेबही असाच. चौकात लागणारा १० फुटी वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे १२० इंच. त्यावर ६००० पिक्सेलचा फोटो पूर्ण रुंदीभर ताणला तर इंचाला ५० पिक्सेल मिळतात. रस्त्यापलीकडून बघायला ते ठीक आहे. पण बहुतेक वेळा डिझायनरला मिळतो तो व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो. इंचाला तेरा. साहेबांचा चेहरा चौकटी-चौकटींचा का दिसतो, त्याचं उत्तर यात आहे.

कापणं म्हणजे क्रॉप करणं. हे छपाईपेक्षाही जास्त वेळा होतं. विसर्जन मिरवणुकीत लांबून काढलेल्या फोटोत ढोल वाजवणारी एक मुलगी सुंदर आली आहे आणि बाकी गर्दी नको आहे. रुंदी आणि उंची निम्मी केली की 'एल'मधून ६ मेगापिक्सेल उरतात, बऱ्यापैकी मोठी प्रिंट निघते. 'एस'मधून दीड मेगापिक्सेल उरतात. इन्स्टाग्रामला पुरतील, त्यापलीकडे नाही. ज्यांच्याकडे लांब पल्ल्याची महागडी लेन्स नाही, त्यांच्यासाठी जास्तीचे पिक्सेल हीच लेन्स असते. भिगवणला फ्लेमिंगो बघायला साध्या लेन्सनिशी जाणाऱ्यांनी तर 'एल' सोडून दुसरीकडे बघूच नये.

फाइन आणि नॉर्मलमध्ये नेमकं काय जातं?

कॅमेऱ्यातून साधारणपणे जो फोटो बाहेर पडतो तो जेपीईजी प्रकारचा असतो. हे नाव जॉइंट फोटोग्राफिक एक्सपर्ट्स ग्रुप या तज्ज्ञांच्या गटावरून आलं. त्यांनी ठरवलेलं मानक १९९२ सालचं आहे आणि तीस वर्षांहून जास्त काळ जग त्यावर चाललं आहे.

२४ मेगापिक्सेलचा फोटो अजिबात न दाबता साठवायचा तर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या, निळ्या रंगाचा एकेक बाइट लागेल. म्हणजे सुमारे ७२ एमबी. जेपीईजी हेच काम काही एमबीत करतं. त्यासाठी ते फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले जे बारकावे माणसाच्या डोळ्याला सहसा जाणवत नाहीत, ते टाकून देतं. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला फरक तितक्या बारकाईने नाही. म्हणून रंगाची माहिती आणखी सढळ हाताने कमी केली जाते.

निकॉनच्या मॅन्युअलमध्ये याचं प्रमाण स्पष्ट दिलेलं असतं. फाइनला साधारण १:४, नॉर्मलला १:८ आणि बेसिकला १:१६. म्हणजे फाइनची फाइल १२ एमबीची असेल तर नॉर्मलची ६ आणि बेसिकची ३ एमबीच्या आसपास. आकडे 'आसपास'च असतात, कारण फाइल किती मोठी होणार हे समोर काय आहे त्यावरही ठरतं. निरभ्र आकाशाचं वर्णन थोडक्यात होतं. वडाच्या पानांचं होत नाही. रात्री आयएसओ वाढवून काढलेल्या फोटोतली रवाळ खरखरसुद्धा कॅमेऱ्याला बारकावाच वाटते, त्यामुळे रात्रीच्या फाइली उगाच फुगतात. कॅमेऱ्यावर दिसणारा 'अजून इतके फोटो मावतील' हा आकडा त्यामुळेच अंदाजाचा असतो.

काही निकॉन कॅमेऱ्यांत फाइन, नॉर्मल, बेसिक यांच्यापुढे चांदणीही दिसते. चांदणी नसेल तर कॅमेरा सगळ्या फाइली साधारण एकाच आकाराच्या ठेवायला बघतो. चांदणी असेल तर फाइल हवी तेवढी वाढू देतो आणि दर्जा सांभाळतो. चांदणीवाला पर्याय चांगला.

आता प्रामाणिक प्रश्न. फाइन आणि नॉर्मलमधला फरक डोळ्याला दिसतो का? सरळ काढलेल्या, काही बदल न केलेल्या फोटोत बहुतेकांना दिसत नाही. बेसिकमध्ये दिसू शकतो. संध्याकाळच्या आकाशात रंग हळूहळू बदलण्याऐवजी पट्टे पडतात, दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांभोवती धुरकट कडा येते, लाल शालूची किनार किंचित पसरल्यासारखी दिसते. खरा धोका पुढे असतो. फोटो नंतर उजळवला, सावल्या वर आणल्या, फिल्टर लावला, की दडलेले चौकोन वर येतात. नॉर्मलमध्ये जे झाकलेलं होतं ते एडिटिंगमध्ये उघडं पडतं.

शिवाय जेपीईजी दर वेळी बदल करून पुन्हा सेव्ह केली की पुन्हा दाबली जाते आणि थोडा दर्जा जातो. इथे एक गैरसमज पसरलेला आहे. नुसता फोटो उघडून बघितल्याने किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी केल्याने काहीही झिजत नाही. कॉपी म्हणजे तंतोतंत तीच फाइल. झीज होते ती बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावरच.

जागा वाचवायचीच असेल तर आधी काय कमी करायचं? दर्जा एक पायरी खाली आणावा, आकार नाही. 'एल नॉर्मल' आणि 'एम फाइन' कार्डावर साधारण सारखीच जागा खातात, पण पहिल्यात २४ मेगापिक्सेल मिळतात आणि दुसऱ्यात १३-१४. न टिपलेला पिक्सेल नंतर कुठल्याही ॲपमधून परत येत नाही. एआयवाली ॲप्स फोटो 'मोठा' करून देतात खरी, पण ती गहाळ बारकावे अंदाजाने रंगवतात. डोंगराच्या फोटोला ते चालून जाईल. आजीच्या चेहऱ्यावर कुण्या दुसऱ्याच बाईच्या सुरकुत्या आलेल्या मात्र घरच्यांना लगेच कळतात.

हे सेटिंग मुळात आलंच का?

कारण एके काळी जागाच नव्हती. कोडॅक कंपनीतला अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली पहिला पोर्टेबल डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याचा फोटो १०० बाय १०० पिक्सेलचा होता. तोही कृष्णधवल, आणि तो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ बाजारात आला तेव्हा व्यावसायिक फोटोग्राफरच्या हातात २.७ मेगापिक्सेल होते आणि कार्डांची क्षमता एमबीत मोजली जायची. त्या काळात दिवसभराच्या कार्यक्रमाला जायचं तर 'बेसिक' हा कंजूषपणा नव्हता, नाइलाज होता.

आज ६४ जीबीच्या कार्डावर १२ एमबीचे पाच हजारांवर फोटो मावतात. दोन दिवसांच्या लग्नात हौशी भाऊ फार तर दोन-तीन हजार काढेल. अडचण संपली, सवय उरली. जुन्या कॅमेऱ्यावर शिकलेले काका अजूनही नव्या कॅमेऱ्यात आधी 'एम नॉर्मल' लावतात, ते त्यामुळेच.

आणि रॉ?

क्वालिटीच्या मेनूत आणखी एक पर्याय असतो, रॉ. जेपीईजी हे तयार ताट असेल तर रॉ म्हणजे निवडलेला, चिरलेला, पण न शिजवलेला शिधा. सेन्सरवर जे पडलं ते जवळपास तसंच साठवलं जातं. निकॉनमध्ये त्याची फाइल एनईएफ, कॅननमध्ये सीआर२ किंवा सीआर३ आणि सोनीमध्ये एआरडब्ल्यू नावाने दिसते.

फायदा आकड्यांत सांगता येतो. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. हळदीच्या मांडवात पिवळ्या कापडातून आलेल्या उजेडाने सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात, तेव्हा रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स नंतर निवांत बदलता येतो. जेपीईजीत तो रंग शिजून गेलेला असतो, थोडाफारच सुधारतो. मागून ऊन असताना काळे पडलेले चेहरेही रॉमधून बरेच वर काढता येतात.

किंमतही आहे. फाइल दुपटीच्या आसपास किंवा त्याहून मोठी, सलग फोटो काढताना कॅमेरा लवकर दमतो, आणि प्रत्येक फोटो कॉम्प्युटरवर किंवा ॲपमध्ये शिजवावा लागतो. रॉ थेट व्हॉट्सॲपवर टाकता येत नाही. ज्यांना एडिटिंगची आवड नाही, त्यांच्या हार्ड डिस्कवर हजारो रॉ फाइली वर्षानुवर्षं न उघडता पडून असतात. अशांनी रॉच्या नादी न लागता 'एल फाइन'वर राहणं शहाणपणाचं.

मधला मार्ग आहे रॉ अधिक जेपीईजी. एका क्लिकमध्ये दोन्ही फाइली. जेपीईजी लगेच वाटायला, रॉ अडल्या वेळेला. ६४ जीबीच्या कार्डावर असे दीड हजारांच्या वर फोटो मावतात. घरातलं लग्न, मुंज, बारसं, असं पुन्हा न घडणारं काही असेल तर हा पर्याय लावून टाकावा.

व्यावसायिक जगातही यावर एकमत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत अंतिम टप्प्यात पोहोचणाऱ्यांकडून मूळ रॉ फाइल मागतात, फोटोत काही फिरवाफिरव झाली नाही हे बघण्यासाठी. याउलट रॉयटर्स वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना सांगितलं की रॉवर प्रक्रिया करून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेली जेपीईजीच पाठवा. एक कारण वेगाचं, दुसरं विश्वासार्हतेचं.

व्हॉट्सॲपवर पाठवलं की संपलं?

कॅमेऱ्यात सगळं नीट करूनही घोटाळा होतो तो इथे. लग्नाचे फोटो फॅमिली ग्रुपवर येतात, सगळे ते डाउनलोड करतात आणि 'आपल्याकडे फोटो आहेत' असं समजतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान करतं आणि वर दाबतं. ६००० बाय ४००० चा फोटो समोरच्याला दोन मेगापिक्सेलपेक्षाही लहान होऊन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्याय आला. त्याने फोटो मोठा जातो, पण मूळ फाइल तीही नसते.

मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची तर पेपरक्लिपच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवावी. एक सावधगिरी मात्र हवी. फोटो कुठे काढला याची नोंद फाइलमध्ये असेल, आणि मोबाइलच्या फोटोत ती बऱ्याचदा असते, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवताना तीही सोबत जाते. अनोळखी माणसाला घरात काढलेला फोटो असा पाठवू नये. गुगल ड्राइव्हची लिंक हा दुसरा मार्ग. गुगल फोटोजमध्ये बॅकअप ठेवत असाल तर तिथलंही सेटिंग बघा. 'स्टोरेज सेव्हर' असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ वर आणले जातात. 'ओरिजिनल क्वालिटी'त तसेच राहतात, पण १५ जीबीची मोफत जागा भराभर संपते.

मोबाइलचं काय?

५० किंवा २०० मेगापिक्सेलचे फोन सहसा तेवढा मोठा फोटो देत नाहीत. शेजारचे चार किंवा सोळा पिक्सेल एकत्र करून ते साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो देतात. त्यामुळे कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. भर उन्हात डोंगर किंवा किल्ल्याचा फोटो काढताना पूर्ण मेगापिक्सेलचा मोड लावून बघायला हरकत नाही. घरात, रात्री तो बंदच ठेवावा.

आयफोन २०१७ पासून 'हाय एफिशियन्सी' प्रकारात फोटो साठवतात. जागा कमी लागते, पण अशी फाइल काही सरकारी आणि भरतीच्या वेबसाइट घेत नाहीत. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीईजीत येतात.

लहान आकार कधी चालतो?

चालतो, आणि काही वेळा तोच योग्य असतो. ऑनलाइन विकायच्या दोनशे कुर्त्यांचे फोटो वेबसाइटवरच जाणार असतील तर 'एम नॉर्मल' पुरेसा आहे. ढगांचा टाइमलॅप्स करताना दोन हजार फ्रेम लागतात आणि शेवटी फोर-के व्हिडिओच बनणार असतो. तिथे ३८४० पिक्सेलच्या वर असलेला कुठलाही आकार चालतो. मीटरचं रीडिंग, पावती, गाडीवरचा ओरखडा यांसाठी 'एल फाइन'चा अट्टहास कशाला?

भरतीच्या अर्जांसाठी मात्र कॅमेऱ्याचं सेटिंग कमी करू नये. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात फोटो २० ते ५० केबीचा आणि २०० बाय २३० पिक्सेलचा मागतात. इतका लहान फोटो कुठलाच कॅमेरा थेट देणार नाही. मोठा काढून ठेवायचा, त्याची प्रत करायची आणि ती लहान करायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या अर्जात वेगळा आकार मागितला तर मूळ फोटो हाताशी असतो.

कॅमेरा हातात घेतल्यावर

मेनूत जाऊन इमेज क्वालिटी 'फाइन', सोनीत असेल तर 'एक्स्ट्रा फाइन', आणि इमेज साइज 'एल' करा. फोटोच्या कडांचं गुणोत्तर, म्हणजे आस्पेक्ट रेशो, ३:२ किंवा ४:३ यांपैकी कॅमेऱ्याचं जे मूळ असेल ते ठेवा. इन्स्टाग्रामसाठी म्हणून १:१ लावलं तर जेपीईजीतल्या दोन्ही बाजू कायमच्या कापल्या जातात आणि बाजूला उभा असलेला मामा फोटोतून जातो. चौकोनी फोटो नंतरही करता येतो. कलर स्पेस एसआरजीबीवर असू द्या. ॲडोबी आरजीबी छपाईवाल्यांच्या कामाचं आहे. मोबाइलवर ते फिकट दिसू शकतं.

कॅमेरा मित्राकडून किंवा भाड्याने आणलेला असेल, किंवा सेटिंग्ज रीसेट केली असतील, तर या दोन ओळी पुन्हा तपासा. आधीच्या माणसाने तो कशावर ठेवला होता ते तुम्हाला माहीत नसतं. बहुतेक कॅमेऱ्यांत मेनूत न जाताही हे कळतं. इन्फो किंवा डिस्प्लेचं बटण दाबलं की स्क्रीनच्या एका कोपऱ्यात क्वालिटीचं चिन्ह किंवा नाव, शेजारी एल, एम किंवा एस, आणि कार्डावर अजून किती फोटो मावतील तो आकडा दिसतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा रिकाम्या ६४ जीबीच्या कार्डावर वीस हजार फोटो मावतील असं सांगत असेल, तर तो 'एल फाइन'वर नाही.